१९५६ ची कॅडिलॅक स्टेशन वॅगन: मूळची, की शववाहिकेवरून केलेली?

मृण्मयी:

नमस्कार. आम्ही गेली अकरा वर्षे अमेरिकेतील ओहायो राज्यात, डेटन शहरात राहतो. आमच्या शेजारचे आजोबा मागच्या हिवाळ्यात वारले. त्यांच्या गॅरेजमध्ये १९५६ सालची एक काळी कॅडिलॅक गाडी आहे आणि तिची विक्री करण्यासाठी आजींनी माझी मदत मागितली आहे. ही गाडी नेहमीची चार दारांची सेडान नाही. तिचे छत मागच्या दारांशी न उतरता सरळ शेवटपर्यंत गेलेले आहे, दोन्ही बाजूंना मागच्या चाकांवर लांब काचा आहेत, टपावर चकचकीत कॅरियर आहे आणि मागे सामानाची प्रशस्त जागा आहे, म्हणजे बांधणी स्टेशन वॅगनची आहे. कॅडिलॅकचे ते प्रसिद्ध शेपटीचे पंख मात्र जसेच्या तसे आहेत.

आजोबांनी एकदा मला तिच्यात पेट्रोल भरायला बरोबर नेले होते. टाकीचे झाकण कुठेच दिसेना, तेव्हा त्यांनी हसत डाव्या बाजूचा मागचा दिवा वर उचलला आणि त्या दिव्याखालून टाकीचे तोंड निघाले. ते दृश्य माझ्या मनातून आजही जात नाही, आणि ही गाडी कवडीमोलाने जाऊ नये असे मला मनापासून वाटते, त्याचे कारणही तेच असावे.

अडचण अशी आहे की, गेल्या आठवड्यात जुन्या गाड्यांचा एक व्यापारी येऊन गेला. त्याने पाच मिनिटे गाडीभोवती फेरी मारली आणि दोन गोष्टी सांगितल्या. पहिली म्हणजे, कॅडिलॅक कंपनीने त्या काळात स्टेशन वॅगन काढलीच नव्हती, त्यामुळे ही जुनी शववाहिका असून तिच्यात नंतर कोणीतरी बाके बसवली आहेत. दुसरी म्हणजे, त्या काळातील खऱ्या उंची वॅगन लाकडी असत आणि ही पत्र्याची आहे. त्याने देऊ केलेली किंमत ऐकून आजींच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांच्या सांगण्यानुसार ही गाडी आजोबांनी १९७१ साली सिनसिनाटीतील एका कुटुंबाकडून घेतली, आणि ते कुटुंब तिच्यातून मुलाबाळांना घेऊन सहलीला जात असे.

मी मेकॅनिकल इंजिनियर आहे, पण माझे आयुष्य पंपांत गेले, गाड्यांत नाही. व्यापाऱ्याचे म्हणणे खरे की आजींचे, हे गाडीकडे पाहून कसे ठरवावे, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

जुनी चाके:

मृण्मयीताई, व्यापाऱ्याचे पहिले वाक्य खरे आहे आणि त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष उतावीळ आहे. कॅडिलॅकने १९५० च्या दशकात स्वतःच्या यादीत स्टेशन वॅगन कधीही ठेवली नाही. याचे कारण माझ्या मते सरळ व्यापारी हिशोबाचे आहे. पत्र्याचे छत आणि मागची बाजू दाबून काढण्यासाठी जे अवाढव्य साचे लागतात, त्यांचा खर्च हजारो गाड्यांवर पसरला तरच परवडतो. जनरल मोटर्सच्या शेवरोले आणि पाँटियाक या शाखा वॅगन मोठ्या संख्येने विकत होत्या, त्यामुळे त्यांना ते साचे परवडले. कॅडिलॅकचे गिऱ्हाईक मात्र सेडान, कूप आणि उघड्या टपाची गाडी मागत असे, आणि वॅगन मागणारे लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते.

पण ते लोक पैसेवाले होते. ज्यांना डोंगरातील घरी सामान, कुत्री, बंदुका आणि पाहुणे एकाच वेळी न्यायचे असत, आणि तरीही कॅडिलॅकशिवाय दुसरी गाडी चालवायची नसे, असे लोक बाहेरच्या बॉडीबिल्डरकडे, म्हणजे गाडीचा वरचा साटा बांधून देणाऱ्या कारखान्याकडे, जात. आता असे काम कोणाला येत होते, याचा विचार करा. लांब छत, मोठ्या बाजूच्या काचा आणि मागून उघडणारी गाडी कॅडिलॅकच्या पुढच्या भागाशी बेमालूम जोडण्याचा रोजचा सराव शववाहिका आणि रुग्णवाहिका बांधणाऱ्या कारखान्यांनाच होता. त्या काळात अमेरिकेतील कित्येक गावांत रुग्णवाहिकेची सेवाही अंत्यविधीचा व्यवसाय करणारी मंडळीच चालवत असत, आणि दोन्ही कामांना चालेल अशी एकच गाडी ठेवत असत. त्यामुळे या कारखान्यांना काम भरपूर होते. यातील बरेचसे कारखाने तुमच्याच ओहायोत होते: लायमा येथे सुपीरियर, पिक्वा येथे मिलर-मीटिअर, आणि सिनसिनाटीत हेस अँड आयझेनहार्ट.

यातील शेवटचे नाव तुमच्या कामाचे आहे. सेअर्स अँड स्कोव्हिल या नावाने १८७६ साली बग्ग्या बांधण्यापासून सुरू झालेला हा कारखाना पुढे हेस अँड आयझेनहार्ट या नावाने चालला. राष्ट्राध्यक्ष केनेडींची १९६१ सालची लिंकन कॉन्टिनेंटल लांबवून सजवण्याचे काम याच कारखान्याने केले, एवढे सांगितले म्हणजे त्यांच्या हाताची योग्यता कळेल. याच कारखान्याने १९५० च्या दशकाच्या मध्यात कॅडिलॅकवर ‘व्ह्यू मास्टर’ नावाच्या मोजक्या स्टेशन वॅगन बांधल्या. कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथील ब्रॉडमूर हॉटेलसाठी त्यांनी ‘स्कायव्ह्यू’ नावाच्या आणखी वेगळ्या गाड्या केल्या, आणि त्यांच्या छतालाच काचा बसवल्या, म्हणजे पाहुण्यांना गाडीत बसल्या जागेवरून पर्वताचा माथा पाहता यावा. त्या हॉटेलच्या मागे १४,११५ फूट उंचीचे पाइक्स पीक शिखर आहे, हे लक्षात घेतले की छताला काच हवी हा हट्ट वाटत नाही.

म्हणून ‘कंपनीने काढली नाही, म्हणजे शववाहिका’ हा तर्क टिकत नाही. शववाहिका बांधणाऱ्या कारागिरांनी मुळातच वॅगन म्हणून बांधलेली गाडी असू शकते, आणि या दोहोंत किमतीच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तो फरक तपासायचा पहिला उपाय क्रमांकाचा आहे. त्या काळच्या कॅडिलॅकचा अनुक्रमांक इंजिनाच्या ब्लॉकवर आणि चॅसीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यावर, ठोकलेला असतो. त्याचे पहिले दोन अंक सालाचे आणि पुढचे दोन अंक मालिकेचे असतात. १९५६ च्या साध्या सेडान-कूपच्या मालिकेचा क्रमांक ५६६२ ने सुरू होतो. शववाहिका आणि रुग्णवाहिकांसाठी कॅडिलॅक जी वेगळी लांब चॅसी पुरवत असे, तिचा क्रमांक ५६८६ ने सुरू होतो. इंजिन कधीकाळी बदललेले असू शकते, म्हणून चॅसीवरचा आकडा प्रमाण मानावा.

दुसरा उपाय टेपचा. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत अंतर मोजा. ६२ मालिकेत ते १२९ इंच असते, तर व्यावसायिक चॅसीवर १५८ इंच असते. जवळजवळ अडीच फुटांचा फरक कोणालाही लपवता येत नाही. आणि बॉनेट उघडल्यावर समोरच्या पत्र्यावर फिशर बॉडीची, म्हणजे जनरल मोटर्सच्या गाड्यांचे साटे बनवणाऱ्या शाखेची, एक लहान पट्टी असते, तिचाही फोटो काढून ठेवा. तिच्यावर ५६-६२१९ असे असेल, तर ती गाडी कारखान्यातून चार दारांची सेडान म्हणून बाहेर पडली होती.

पत्रेकाम:

वर काकांनी क्रमांकाचे सांगितले, ते उत्तमच आहे. मी डेंटिंग-पेंटिंगच्या कामातला माणूस आहे, तेव्हा पत्र्याविषयी लिहितो. आमचे वर्कशॉप पुण्यात आहे आणि वडिलांनी कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात जुळवलेल्या डॉज, प्लिमथ गाड्यांवर बरीच वर्षे काम केले. त्या गाड्याही अमेरिकन बांधणीच्या असल्यामुळे त्यांच्या सांध्यांचे मला थोडेफार ठाऊक आहे.

त्या काळी पत्र्याचे दोन भाग जोडल्यावर सांधा झाकण्यासाठी आजच्यासारखी पुटी भरत नसत, शिसे भरत असत. आधी सांध्यावर कल्हई करायची, म्हणजे कथलाचा पातळ थर द्यायचा. मग साधारण ७० भाग शिसे आणि ३० भाग कथील असलेली कांडी मंद ज्योतीने मऊ करून त्यावर दाबायची. हे मिश्रण एकदम पातळ होत नाही, बराच वेळ लोण्यासारखे मऊ राहते, आणि तेवढ्या वेळात कारागीर ते लाकडी फळीने सांध्यावर सारवून घेतो. फळीला चरबी किंवा मेण लावलेले असते, नाहीतर धातू तिलाच चिकटतो. ज्योत किंचित जवळ गेली की सगळे शिसे ओघळून जमिनीवर येते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. वडिलांची फळी आजही माझ्याकडे आहे. तिच्या एका बाजूचा कोपरा जळून काळा झाला आहे आणि बाकीचे लाकूड चरबी पिऊन गुळगुळीत झाले आहे.

आता तुमच्या गाडीकडे वळू. जिथे सेडानचे मूळ छत कापून नवे लांब छत जोडले असेल, तो सांधा बहुधा मागच्या दारांच्या वर किंवा मधल्या खांबाच्या आसपास सापडेल. लोहचुंबक लावून पाहण्याचा सल्ला कोणी देईल, पण चुंबक शिशालाही चिकटत नाही आणि पुटीलाही चिकटत नाही, त्यामुळे त्याने सांधा कुठे आहे एवढेच कळेल, तो केव्हाचा आहे हे कळणार नाही. त्यासाठी आतले छताचे कापड एका कोपऱ्यात, शिवण न फाडता, सोडवून आतून पाहा. बांधणीच्या वेळचे काम असेल तर वेल्डिंग सलग आणि आतली बाजू ठोकून सारखी केलेली दिसेल, आणि फटीतून डोकावणारे शिसे करड्या चांदीसारखे दिसेल. नंतर कोणी घाईने जोडले असेल तर गुलाबी किंवा पांढरी पुटी फटीतून आत आलेली दिसेल.

मजलाही तपासा. शववाहिकेच्या मजल्यावर पेटी सरकवण्यासाठी रूळ असतात आणि पेटी जागची हलू नये म्हणून खुंट्या बसवण्याची भोके असतात. रूळ काढून टाकता येतात, पण मजल्याच्या पत्र्यात ओळीने असलेली भोके बुजवली तरी खालून, गाडी उचलल्यावर, दिसल्याशिवाय राहत नाहीत. गालिचा उचला, टॉर्च घ्या आणि खालून पाहा.

मृण्मयी:

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. शनिवारी आजींच्या परवानगीने सगळे तपासते. लाकडाच्या मुद्द्यावर मात्र अजून कोणी लिहिलेले नाही, आणि आजी त्यानेच जास्त खचल्या आहेत, कारण व्यापाऱ्याने त्यांना एका लाकडी वॅगनचा फोटो दाखवून ‘याला म्हणतात श्रीमंतांची गाडी’ असे सुनावले.

सागरगोटा:

ताई, तो फोटो बहुधा १९४१-४२ च्या क्रायस्लर टाउन अँड कंट्रीचा असेल, कारण सगळे तोच दाखवतात. ती गाडी खरोखरच देखणी आहे. पांढऱ्या ॲशच्या लाकडाची चौकट, तिच्यात होंडुरासच्या महोगनीचे तांबूस फलक, आणि मागे पिंपासारख्या गोलाव्यात दोन पाखांनी उघडणारे दार. आर्कान्सा राज्यातील हेलेना येथे क्रायस्लरचा स्वतःचा लाकूड कारखाना होता आणि तिथून हे सुटे भाग येत. १९४१ साली अशा गाड्या हजाराच्या आतच निघाल्या. पण तिचेही छत पोलादी पत्र्याचे होते, हे तो व्यापारी सांगायला विसरला.

‘स्टेशन वॅगन’ या नावातले स्टेशन म्हणजे रेल्वेचे स्टेशन. पाहुण्यांना आणि त्यांच्या ट्रंकांना रेल्वेगाडीवरून हॉटेलात किंवा बंगल्यावर आणण्यासाठी साध्या चॅसीवर सुताराकडून लाकडी टप करून घेत. म्हणजे लाकूड सुरुवातीला श्रीमंतीचे लक्षण नव्हते. मोजक्या संख्येने गाड्या बांधायच्या असल्या की साच्यांपेक्षा सुतार स्वस्त पडतो, एवढेच त्यामागचे कारण होते. त्याची शोभा लोकांना पुढे आवडली आणि मग ते मिरवण्याची वस्तू झाले. पण मिरवणाऱ्याला दरवर्षी सगळे लाकूड घासून त्यावर नव्याने व्हार्निश चढवावे लागत असे. ते एका वर्षी राहिले की सांध्यांत पाणी शिरते, खालून लाकूड काळे पडते आणि दार लावताना कुरकुरू लागते.

त्यामुळे युद्धानंतर पोलादी वॅगन स्वस्त होताच लाकूड झपाट्याने मागे पडले. खऱ्या लाकडाच्या बांधणीची शेवटची मोठी अमेरिकन वॅगन १९५३ ची ब्युइक होती. तिच्या रोडमास्टर इस्टेट या सर्वांत वरच्या प्रकाराच्या फक्त ६७० गाड्या निघाल्या, आणि त्यांचे लाकूडकाम मिशिगनमधील आयोनिया येथे होत असे. म्हणजे तुमची गाडी बांधली गेली, त्याच्या तीन वर्षे आधीच तो अध्याय संपला होता. १९५६ साली कोणा श्रीमंताने कॅडिलॅकची वॅगन करून घेतली असती, तर ती पत्र्याचीच करून घेतली असती. तेव्हा लाकडी गाडी म्हणजे वडिलांच्या जमान्यातली वस्तू झाली होती. शेवरोलेची नोमॅड पाहा. १९५४ च्या प्रदर्शनात कॉर्व्हेट या शेवरोलेच्याच स्पोर्ट्स गाडीच्या तोंडावळ्याची वॅगन म्हणून ती लोकांसमोर आली आणि पुढच्याच वर्षी विक्रीला निघाली. ती सगळी पत्रा, काच आणि क्रोम होती, आणि लोक तिच्यावर लुब्ध झाले. हे आजींना अवश्य सांगा.

मृण्मयी:

शनिवारी आणि रविवारी मिळून सात तास गॅरेजमध्ये घालवले. जे दिसले ते जसेच्या तसे लिहिते.

चॅसीवरचा आकडा गंजाखाली होता. तारेच्या ब्रशने हळूहळू घासल्यावर तो वाचता आला. तो ५६६२ ने सुरू होतो. इंजिनावरचा क्रमांक त्याच्याशी अंकागणिक जुळतो, म्हणजे ३६५ घन इंचांचे मूळचे व्ही-८ इंजिन अजून तिच्यातच आहे. चाकांमधले अंतर आम्ही तीनदा मोजले आणि तिन्ही वेळा १२९ इंच भरले. फिशरच्या पट्टीवर ५६-६२१९ स्पष्ट आहे.

मजल्याला खालून एकही बुजवलेले भोक दिसले नाही. छताचे कापड मागच्या उजव्या कोपऱ्यात चार बोटे सोडवले. दाराच्या वर आडवा वेल्ड आहे आणि त्याच्या कडेला एके ठिकाणी करड्या रंगाचा, नखाने ओरखडा उठेल असा मऊ धातू दिसतो. बोट फिरवल्यावर त्यावर हातोडीचे बारीक खळगे लागतात. हे पाहिल्यावर मी आजींना हाक मारली आणि त्यांनीही त्यावर बोट फिरवले.

बाजूच्या लांब काचा पूर्णपणे सपाट आहेत, जराही वक्र नाहीत, याचे मला आश्चर्य वाटले. बांधणाऱ्याची पट्टी मात्र कुठेही सापडली नाही. दाराच्या उंबऱ्यावर दोन लहान भोके आहेत, पण तिथे पट्टी होती की आणखी काही, हे सांगता येत नाही. मागच्या काचेखालचा पत्रा आतून गंजला आहे आणि तिथल्या गालिचाला ओलीचा वास येतो.

जुनी चाके:

ताई, आता शववाहिकेचा प्रश्न निकालात निघाला. ही गाडी सेडान म्हणून कॅडिलॅकच्या कारखान्यातून निघाली आणि शिशाच्या काळातील कारागिरांनी तिची वॅगन केली, एवढे तुम्ही छातीठोकपणे लिहून देऊ शकता. सपाट काचांचे आश्चर्य वाटून घेऊ नका. वक्र काचेला साचा लागतो, तर सपाट थरांची काच हव्या त्या आकारात कापता येते, म्हणून मोजक्या गाड्या बांधणारे बाजूला सपाट काचच वापरत. तुमच्या दृष्टीने हे चांगलेच आहे, कारण ती फुटली तर नवी करून मिळेल. मागची काच वक्र असेल तर ती मात्र जिवापाड जपा.

ती हेस अँड आयझेनहार्टची आहे, असे मात्र पट्टी नसताना कोठेही लिहू नका. गाडी सिनसिनाटीहून आली आणि काम उच्च दर्जाचे आहे, म्हणून मनाला तसे वाटणे स्वाभाविक आहे, पण खरेदीदाराला पुरावा लागतो. उंबऱ्यावरील दोन भोकांमधले अंतर मिलिमीटरमध्ये मोजून ठेवा. खात्रीच्या व्ह्यू मास्टरच्या मालकाकडून त्याच जागेचे माप मिळाले, तर ते पडताळता येईल. टपावरचा कॅरियर, मागच्या दाराच्या बिजागऱ्या आणि आतल्या कड्यांचे फोटोही त्याच कामाला येतील. कारण असे कारखाने लहानसहान भाग कधी स्वतः ओतत, तर कधी शेवरोले-पाँटियाकच्या वॅगनवरून आणून बसवत, आणि त्यावरून हात ओळखता येतो.

ओलीचे सांगितलेत, त्याकडे मात्र आधी लक्ष द्या. लांब छताच्या गाडीचा हा जुनाच आजार आहे. नोमॅडच्या तिरप्या मागच्या दारातून पावसाचे पाणी आत येई, आणि ती तर मोठ्या कारखान्यात साच्यावर बनलेली गाडी होती. डिझायनर ब्रुक्स स्टीव्हन्स यांनी १९५९ च्या जिनिव्हा प्रदर्शनासाठी क्रायस्लरच्या चॅसीवर ‘सिमिटर’ नावाच्या तीन गाड्या जर्मनीत श्टुटगार्टच्या रॉयटर कारखान्याकडून बांधून घेतल्या. त्यातल्या वॅगनला मागे सरकणारे छत होते. तीच कल्पना त्यांनी १९६३ च्या स्टुडबेकर वॅगनेअरमध्ये आणली, आणि गळतीच्या तक्रारी इतक्या झाल्या की कंपनीला पक्क्या छताचा पर्यायही द्यावा लागला. तुमच्या गाडीत दोष बहुधा काचेभोवतीच्या रबराचा असेल. साठ-सत्तर वर्षांत ते दगडासारखे कडक होते आणि त्याच्या खाचेतून पाणी थेट शिवणीत उतरते. नवे रबर मापाने मागवता येते, पण ते बसवताना काच स्वतः काढू नका. जुन्या काचा बसवणारा अनुभवी माणूस बोलवा.

मृण्मयी:

काका, मोजले: भोकांमध्ये ६३ मिलिमीटर अंतर आहे. कॅरियर, बिजागऱ्या आणि कड्या यांचे फोटो काढून ठेवले आहेत. गालिचा काढून उन्हात वाळत घातला आणि गंजलेल्या भागावर तात्पुरते गंजरोधक मारले. रबर मागवले आहे, आणि काचेच्या कामासाठी डेटनमधलेच एक वयस्कर गृहस्थ पुढच्या गुरुवारी येणार आहेत.

व्यापाऱ्याचा काल पुन्हा फोन आला होता. आजींनी त्याला सांगितले की, गाडी सध्या विकायची नाही, तिची काच काढायची आहे.